रामघाटाचे पाणी आणि सूंस

पावसाळ्याच्या अखेरीस काशीच्या रामघाटावर जावे, पाण्याबाहेर राहिलेल्या शेवटच्या पायरीवर बसावे आणि गंगेत हात बुडवावा. कोपरापर्यंत हात पाण्यात जाण्यापूर्वीच बोटे दिसेनाशी होतात. हिमालयाच्या उतारांवरून व मैदानांतून वाहून आलेला बारीक गाळ पाण्यात तरंगत असतो. त्यामुळे उजेड पृष्ठभागाखाली फार खोल पोहोचत नाही. ज्या प्राण्यास जन्मभर अशा पाण्यात राहावयाचे आणि रोजचे भक्ष्यही त्यातूनच शोधावयाचे, तो ते कसे शोधीत असेल? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या शरीरातच आहे असा एक प्राणी ह्या नदीत राहतो. त्याच्या साहाय्याने जीवशास्त्रातील अनुकूलन ही कल्पना आपणांस समजावून घेता येईल, आणि तिच्याभोवती गोळा झालेला एक जुना गैरसमजही तपासून पाहता येईल.

रामघाट मणिकर्णिकेच्या उत्तरेस, पंचगंगा घाटाच्या अलीकडे आहे. सिंधिया, भोसले, ग्वाल्हेर, बालाजी अशी त्याच्या आसपासच्या घाटांची नावे वाचली की मराठी वाचकास आपण परक्या गावी आहोत असे वाटत नाही. काशीस गंगा वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. वळणाच्या बाहेरच्या काठास प्रवाह खोल खणीत जातो व आतल्या काठास वाळू टाकतो. म्हणून पश्चिमेस घाट व खोल पाणी, आणि पूर्वेस वाळूचा विस्तीर्ण पट्टा अशी ह्या पात्राची रचना झाली आहे. आपल्या प्राण्यास असेच वळणांजवळचे, संगमांजवळचे, भोवऱ्यांचे खोल डोह मानवतात. गजबजलेल्या घाटांसमोर तो आता क्वचितच दृष्टीस पडतो. काशीच्या खाली, कैथी गावाजवळ गोमती गंगेस मिळते त्या बाजूस मात्र धीर धरून बसणाऱ्यास तो दिसतो. पाण्यातून एक करडी पाठ वर येते, कधी लांब चोचही दिसते, एक दीर्घ सुस्कारा ऐकू येतो, आणि दुसऱ्याच क्षणी पाणी पूर्ववत होते. हाच गंगेतील डॉल्फिन, म्हणजे सूंस.

नावाचा घोटाळा

हिंदीत ह्यास सूंस म्हणतात, बंगालीत शुशुक. ही नावे त्याच्या श्वासाच्या आवाजावरून पडली असे लोक सांगतात. संस्कृत शिशुमार शब्दाशीही त्यांचे नाते जोडले जाते. येथे मराठी वाचकाने सावध राहिले पाहिजे. ह्याच शिशुमार शब्दापासून मराठीत सुसर हा शब्द आला, आणि सुसर म्हणजे तर मगरीच्या गोत्रातील, अंडी घालणारा, सरपटणारा प्राणी! बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या नद्यांतील ह्या जीवास पाणडुक्कर म्हटले आहे. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांच्या यादीत गंगापुपुटक असे एक नाव येते. तो हाच सूंस असावा असे अनेक विद्वान मानतात. विल्यम रॉक्सबर्ग ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०१ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा आधुनिक प्राणिशास्त्रात त्याची नोंद झाली.

एकाच शब्दातून उत्तरेत सूंस आणि महाराष्ट्रात सुसर निघावी, ह्याचे कारण उघड आहे. दोहोंचे तोंड लांब, चिंचोळे व दातांनी भरलेले. तोंड मिटले तरी दात बाहेर दिसतात. लोकांनी तोंड पाहिले आणि नाव ठेवले. जीवशास्त्र मात्र केवळ तोंड पाहून थांबत नाही. सूंस उष्ण रक्ताचा आहे, हवेत श्वास घेतो, मादी पिलास जन्म देऊन दूध पाजते. त्याच्या वल्ह्यासारख्या पुढच्या अवयवाची चामडी दूर केली तर आत एक दंडाचे हाड, दोन कोपराखालची हाडे, मनगटाचे तुकडे आणि पाच बोटे निघतात. वाचकाने आपला हात चाचपून पाहावा. हाडांचा क्रम तोच सापडेल. त्याच्या मानेत सात मणके आहेत. माणसाच्या मानेतही सात, आणि जिराफाच्याही सातच.

हात, वल्हे व वटवाघळाचा पंख हे अवयव कामाने भिन्न पण मूळ घडणीने एक आहेत; अशांना समजात अवयव म्हणतात. त्यांचे साम्य समान पूर्वजांकडून वारशाने आलेले असते. सूंसाची चोच व सुसरीची चोच ह्यांचे साम्य निराळ्या प्रकारचे आहे. ह्या दोघांचे समान पूर्वज ३० कोटी वर्षांहून अधिक मागे जमिनीवर राहत होते, आणि त्यांस अशी चोच नव्हती. पाण्यातून वेगाने आडवी फिरवून निसटता मासा पकडावयाचा तर अरुंद चिमटा सोयीचा पडतो, कारण त्यास पाण्याचा विरोध कमी होतो. दोन घराण्यांत स्वतंत्रपणे तीच घडण झाली. अशा अवयवांस समवृत्ती अवयव म्हणतात. कोण कोणाचा नातलग हे ठरविताना पहिल्या प्रकारचे साम्य उपयोगी पडते, दुसऱ्या प्रकारचे फसविते. आपला सुसर शब्द ह्या फसवणुकीचे जुने स्मारकच आहे.

भिंगावाचून डोळा

कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे पहिले अधीक्षक जॉन अँडरसन ह्यांनी सूंसाच्या शरीररचनेचा विस्तृत अभ्यास करून १८७८ च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. त्यांनी वर्णिलेला डोळा पाहण्यासारखा आहे. बाहेरून तो टाचणीने टोचल्याएवढा दिसतो. आत प्रकाश एकवटणारे भिंगच नाही, आणि मेंदूकडे जाणारी नेत्रतंत्रिका दोऱ्यासारखी बारीक आहे. अशा डोळ्याने उजेड व अंधार एवढेच कळू शकते. मासा दिसू शकत नाही.

मग सूंस शिकार कशी करतो? तो जवळजवळ अखंडपणे बारीक टक् टक् असे ध्वनी काढीत असतो. त्यांचा बराचसा भाग माणसाच्या श्रवणकक्षेच्या वर असतो, म्हणून काठावरच्या माणसास काहीच ऐकू येत नाही. पाण्यात ध्वनी सेकंदास सुमारे १,५०० मीटर जातो. साडेसात मीटरांवर मासा असेल तर ध्वनी जाऊन परत येण्यास १५ मीटरांचा प्रवास, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. प्रतिध्वनी किती वेळाने व कोठून आला ह्यावरून अंतर व दिशा उमगते. सूंसाच्या कवटीवर कपाळाच्या दोन्ही बाजूंनी पुढे झुकलेले हाडांचे दोन पातळ पंखे असतात. ते ध्वनीचा झोत पुढे वळविण्यास साहाय्य करीत असावेत असे मानले जाते. त्याच्या मानेचे मणके सुटे असल्यामुळे त्यास डोके इकडे-तिकडे फिरवून हा झोत टाकता येतो. बहुतेक समुद्री डॉल्फिनांत मानेचे काही मणके एकमेकांस सांधलेले असतात, त्यांस एवढी मोकळीक नसते.

सिंधू नदीत ह्याचा जवळचा भाऊबंद आहे. त्याचे काही नमुने सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयात नेण्यात आले होते. ते एका कुशीवर पोहतात व खालच्या बाजूचे वल्हे तळाशी चाचपडल्यासारखे फिरवितात असे तेथील निरीक्षकांस आढळले, आणि १९६९ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. गंगेतील सूंसही असाच पोहतो. आंधळ्याने भिंतीस हात लावून चालावे तसे हे दृश्य असले पाहिजे.

‘साठी’ ह्या शब्दयोगी अव्ययाविषयी

येथवर आल्यावर बहुतेक पुस्तके एक वाक्य लिहितात: “गढूळ पाण्यात शिकार करता यावी ह्यासाठी सूंसाने प्रतिध्वनीची विद्या संपादन केली व निरुपयोगी डोळे टाकून दिले.” व्याकरणदृष्ट्या ह्या वाक्यात काही उणे नाही. शास्त्रदृष्ट्या मात्र त्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द चूक आहे. अशी पुस्तके मराठीत आणताना प्रस्तुत लेखकाच्या लेखणीतूनही ‘साठी’ आणि ‘म्हणून’ पुष्कळदा नकळत उतरले आहेत. आपली भाषा माणसांच्या व्यवहारातून घडली. माणूस हेतू धरून काम करतो, म्हणून क्रियापदास कर्ता हवा आणि कर्त्यास हेतू हवा अशी भाषेची अपेक्षा असते. निसर्गाच्या घडामोडींत असा हेतू धरणारा कोणी दाखविता येत नाही.

पहिली चूक वापराची. अवयव न वापरल्यामुळे तो झिजतो आणि ती झीज मुलांकडे उतरते, असे मत फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क ह्याने १८०९ साली मांडले होते. ते आजही अनेकांच्या मनात आहे, कारण ते सहज पटते. परंतु आपल्याच घरातील एक उदाहरण घ्यावे. कर्णवेधाचा संस्कार आपल्याकडे शेकडो पिढ्या चालत आला आहे. तरीही प्रत्येक मूल जन्मते ते कानाची पाळी अखंड घेऊनच, आणि सोनारास प्रत्येक वेळी नव्याने सुई घ्यावी लागते. शरीरावर आयुष्यात जे घडते ते अशा रीतीने बीजात उतरत नाही. बीजातील जनुकांत जे फेरफार होतात, ज्यांस उत्परिवर्तने म्हणतात, ते प्राण्याची गरज पाहून होत नाहीत. त्यांतील काही घातक, बरेचसे निरुपद्रवी व थोडे उपकारक ठरतात. आणि कोणते कोणत्या प्रकारात पडावयाचे हे परिस्थिती ठरविते.

आता डोळ्याकडे पुन्हा पाहू. स्वच्छ समुद्रात जो डॉल्फिन सदोष भिंग घेऊन जन्मला तो भक्ष्य शोधण्यात मागे पडण्याचा संभव अधिक. त्याची संतती कमी, आणि तो दोष पिढ्यान्‌पिढ्या चाळून टाकला जातो. गढूळ नदीत सदोष भिंगाचा सूंस व उत्तम भिंगाचा सूंस हे सारखेच उपाशी वा सारखेच तृप्त. चाळणीची भोके मोठी झाली. दोष काढून टाकणारे कोणी उरले नाही, म्हणून ते साठत गेले. शिवाय डोळा घडविण्यास व राखण्यास शरीराचा खर्च होतो. तो वाचला तर उलट थोडा लाभच. डोळा कोणी टाकला नाही. तो राखण्याचे कारण नाहीसे झाले.

दुसरी चूक क्रमाची, आणि ती अधिक बोधप्रद आहे. डोळे गेले म्हणून कान तीक्ष्ण झाले असे आपण समजतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. प्रतिध्वनीने शोध घेण्याची शक्ती सर्व दातेरी देवमाशांत व डॉल्फिनांत आहे, कोकणच्या किनाऱ्यावर दिसणाऱ्या डॉल्फिनांतही आहे. आणि तिच्या खुणा जवळजवळ ३ कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी जीवाश्मांत सापडतात. सूंसाच्या कुळातील प्राण्यांचे जुने अवशेष अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सागरी थरांतही मिळाले आहेत. अर्थात ही शक्ती गंगेकरिता घडलेलीच नाही. ती वारशाने आधीच जवळ होती, म्हणून ह्या कुळास गढूळ नदीत शिरून डोळ्यांवाचूनही निभावता आले.

योग्य वाक्य मग कसे असावे? “ज्या सूंसांच्या शरीरात प्रतिध्वनी टिपण्याची शक्ती आनुवंशिकतेने किंचित अधिक होती, त्यांची पिले गढूळ पाण्यात किंचित अधिक जगली, असे पुष्कळ पिढ्या घडले.” वाक्य लांब आहे व त्यात नाट्य नाही, पण डार्विन व वॉलेस ह्यांनी १८५८ साली मांडलेल्या नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाचा गाभा तेवढाच आहे.

किंचित म्हणजे किती? एक हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या वंशपरंपरागत गुणामुळे, तो नसलेल्यांच्या दर १०० पिलांमागे तो असलेल्यांची १०१ पिले जगतात, आणि आरंभी शंभरांत एकाच प्राण्यात तो गुण आहे. दर पिढीस हे प्रमाण १.०१ पटीने वाढत जाईल, तर निम्म्या प्राण्यांत तो गुण येण्यास सुमारे ४६० पिढ्या लागतील. पिढी १५ वर्षांची धरली तर ही सुमारे ७,००० वर्षे झाली. माणसाच्या इतिहासाच्या मानाने हा काळ फार मोठा आहे. पण गंगेतील व सिंधूतील सूंसांच्या शाखा सुमारे साडेपाच लाख वर्षांपूर्वी विभक्त झाल्या असा जनुकांच्या तुलनेवरून अंदाज आहे, त्यापुढे तो अल्पच. ह्या दोहोंस २०२१ साली स्वतंत्र जाती म्हणून मान्यता देण्यात आली. हा हिशेब सोपा करून घेतलेला आहे. खऱ्या जीवनात दैवयोगाने चांगले गुणही नष्ट होतात आणि परिस्थितीही हजारो वर्षे एकसारखी राहत नाही. तथापि अल्प फरक साठून केवढे होतात ते त्यावरून ध्यानात यावे.

हेतू कोठे असतो ह्याचे एक उदाहरण रामघाटासमोरच आहे. १९८९ साली रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचे सात किलोमीटरांचे पात्र कासवांचे अभयारण्य म्हणून घोषित झाले. सारनाथ येथे वाढविलेली मांसाहारी कासवे नदीत सोडण्यात आली, ती पाण्यातील प्रेतांचे अवशेष खाऊन नदी स्वच्छ राखतील ह्या अपेक्षेने. २०२० साली ही घोषणा मागे घेण्यात आली. येथे ‘साठी’ होते, पण ते माणसांच्या मनात. कासव जे खाते ते भुकेने खाते. नदीच्या शुद्धीचा विचार त्याच्या गावीही नसतो.

जमिनीवरून पाण्यात

सूंस सस्तन आहे, तर त्याचे पूर्वज जमिनीवरून पाण्यात केव्हा गेले? ह्याचा सर्वांत मोलाचा पुरावा आपल्याच उपखंडात मिळाला. भारतीय भूखंड आशियास भिडत असताना मध्ये टेथिस नावाचा उथळ समुद्र होता. त्याच्या काठच्या थरांतून, आजच्या पाकिस्तानात, पाकिसेटस हा सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा चार पायांचा प्राणी सापडला व १९८१ साली त्याचे वर्णन झाले. त्याचा कान देवमाशाच्या घडणीचा आहे. कच्छच्या थरांतील कच्छिसेटसचे वर्णन बाजपेयी व थेविसन ह्यांनी २००० साली केले.

इंडोहायसची कथा तर कादंबरीत शोभावी अशी आहे. ए. रंगाराव ह्या भूवैज्ञानिकांनी काश्मीरमधील कालाकोट येथील खडकांतून ह्या मांजराएवढ्या, हरणासारख्या प्राण्याचे अवशेष मिळवून १९७१ साली त्याचे वर्णन केले. त्यांनी जमविलेले बरेचसे दगड न फोडताच पडून राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर ते थेविसन ह्यांच्याकडे गेले. तेथे काम चालू असताना एक कवटी चुकून फुटली, आणि कानाच्या हाडाची आतली भिंत देवमाशांत असते तशी जाड असल्याचे दिसून आले. पायांची हाडेही भरीव व जड होती, पाण्यात तळाशी चालणाऱ्या प्राण्यांत असतात तशी. २००७ साली हे प्रसिद्ध झाले. इंडोहायस हा देवमाशांचा साक्षात पूर्वज नव्हे, चुलत घराण्यातील म्हणावा. आज जिवंत असलेल्यांत त्यांचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा आहे.

ह्या पूर्वजांचे गुण सूंसाने अद्याप सोडलेले नाहीत. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवितो, सूंस वर-खाली हलवितो. कारण चौखूर धावणाऱ्या सस्तनाच्या पाठीचा कणा वर-खालीच वाकतो. डॉल्फिनांच्या गर्भात मागच्या पायांचे अंकुर काही काळ दिसतात व पुढे मावळतात. आणि लाखो पिढ्या पाण्यात काढूनही त्यास कल्ले नाहीत. श्वासाकरिता दर थोड्या वेळाने वर यावेच लागते. पूर्वजांकडून जे मिळाले त्यातच फेरफार होतात, कोरी पाटी कोणासच मिळत नाही.

आजची नदी

सूंसास कायद्याचे संरक्षण १९७२ पासून आहे. २००९ साली त्यास राष्ट्रीय जलचर म्हणून निवडण्यात आले. बिहारमध्ये विक्रमशिला येथे त्याचे अभयारण्य १९९१ पासून आहे. भारतातील नद्यांत केलेल्या पहिल्या व्यापक गणनेचे आकडे मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत एकूण ६,३२७ डॉल्फिन अंदाजण्यात आले. त्यांतील तीन सिंधूच्या जातीचे, बाकी सर्व गंगेच्या. उत्तर प्रदेशातील संख्या २,३९७ होती. मादीस एका वेळी एकच पिलू होते व पुढचे दोन-तीन वर्षांनी, हे लक्षात घेऊन हा आकडा वाचला पाहिजे. चीनच्या यांगत्से नदीत असाच एक डॉल्फिन होता. २००६ सालच्या शोधमोहिमेत त्याचा एकही जीव आढळला नाही.

जाळी, बंधारे आणि घटते पाणी ही संकटे वाचकांस माहीत असतात. आपल्या विषयाशी ज्याचा निकट संबंध आहे ते संकट मात्र डोळ्यांस दिसत नाही. प्रयागराज ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरांचा गंगामार्ग १९८६ साली पहिला राष्ट्रीय जलमार्ग झाला, आणि २०१८ साली काशीपलीकडे रामनगर येथे मालवाहतुकीचा तळ सुरू झाला. घाटांसमोर इंजिनाच्या होड्याही वाढल्या आहेत. जो प्राणी कानांनी पाहतो त्यास इंजिनाचा घरघराट हे दुसरे गढूळ पाणीच होय. पहिल्या गढूळपणात टिकणारे गुण निवडले जाण्यास हजारो पिढ्या मिळाल्या. ह्या दुसऱ्यास तोंड देण्यास आतापर्यंत मोजक्याच मिळाल्या आहेत, आणि निवड पुढचे पाहून कधीच काम करीत नाही.

२०१९ साली भारतीय व जपानी अभ्यासकांनी गंगेतील सूंसांचे ध्वनी पाण्याखाली नोंदून ह्याचा शोध घेतला. बोटींचा आवाज वाढला की सूंसांच्या ध्वनींतही फरक पडतो व त्यांच्या शरीरावरचा ताण वाढतो. आणि नदी उथळ असताना हा परिणाम अधिक तीव्र असतो, असे त्यांस आढळले. उन्हाळ्यात पाणी उतरले की सूंस उरलेल्या खोल डोहांत गोळा होतात, आणि मोठ्या बोटींनाही त्याच खोल पाण्यातून जावे लागते. म्हणून एकच बोट श्रावणात आणि वैशाखात सूंसास सारखी ऐकू येत नाही.